क्षमेचं कार्ड वापस

सुरत, ८ ऑक्टोबर १९७४

तीर्थरूप बाबाले फूलचंदचा जय जिनेंद्र.

मी बरा आहो, जेवण टायमावर भेटते. आईची कंबर दुखते काय अजून?

तुमचं क्षमावाणीचं कार्ड भेटलं. वर्षभरात काही चुकलं असन तं माफ कर, म्हणता. पण आपल्या शेलूबाजारहून सोमला इथं कामाले आला, त्यानं सांगतलं, देवळातल्या मूर्तीले डोळे बसवाच्या भांडणात तुमी शेजारच्या भागचंदकाकाचं डोकं फोडलं. काहून? ते श्वेतांबर, मूर्तीले डोळे लावते, अन् आपण दिगंबर, लावत नाही म्हणून? पाणी तं त्यांच्याच विहिरीचं पितो. पाणी गाळलं का फडक्यातले किडे मरू नये म्हणून तुमी मले परत त्याच विहिरीत सोडाले लावत होते. किड्याची दया येते, काकाची नाही?

कार्ड वापस धाडून राह्यलो. माफी मले कायले मागता? शेजारी जाले तिकीट लागत नाही. पायी जा अन् काकाच्या हातात द्या.

रागातला, तरी तुमचाच
फूलचंद