रबराचं गांडूळ

आबा, आज सकाळी वीटभट्टीच्या पाणी साचलेल्या जुन्या खाणीवर जाऊन रिकाम्या हातानं परत आले. तुम्ही असतात तर माझ्या चालण्यावरूनच ओळखलं असतंत. आता घरात विचारायला आई तेवढी आहे, पण तीही माझी चौकशी करत नाही, तुमची करते. "ह्ये आलं का गं गळावनं?" असं पडल्या पडल्या म्हणते. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते सुरुवातीला मी तिला समजावून सांगायचे. दर वेळी ती नव्यानं रडायची, म्हणून ते सोडून दिलं. आता मी नुसतं "येतील" म्हणते.

डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ मला कळला. पेज दिली तर ओठांवरून ओघळते, दूध दिलं तर तोंड फिरवते. तोंडानं मागते ती एकच गोष्ट, मरळीचं कालवण. बाजारातून तळ्यात पाळलेली मरळ आणली, खोबरं भाजून वाटण केलं, तुम्हाला लागायचं तसं कालवण झणझणीत न करता बेतानं केलं. एक घोट घेऊन तिनं वाटी सारली. "ही न्हवं," म्हणाली. मला तिचा इतका राग आला की मागच्या दारी जाऊन उभी राहिले. मग ठरवलं की तुमच्यासारखी खाणीतलीच धरून आणायची.

गांडुळांपासूनच अडलं. तुम्ही मोरीच्या पाण्यावरच्या केळीखाली खुरपं मारायचात आणि मी करवंटी धरून बसायचे, आठवतं? एका ढेकळात चार-पाच निघायची. ती केळ केव्हाच गेली. मळ्यात जाऊन उकरलं, तर उसाला पाणी पाजून पाजून जमीन क्षारपड झालेली, वर पांढरा थर, खाली चिकट गारा. पाटाच्या कडेलाही बघितलं. एक गांडूळ मिळालं नाही. तुमच्या मळ्यात, आबा.

कुपवाडला मी ज्या कारखान्यात रबरी वॉशरच्या कडा कापते, तिथला एक मशीनवाला रविवारी मासे धरायला जातो. त्याला सांगितलं तर त्यानं आपली रीळवाली काठी दिली आणि वर एक पाकीट दिलं. आत गांडुळं. असल्या गांडुळाला सगळे रबराचं गांडूळ म्हणतात. माझं आयुष्य रबरात गेलं, ते रबर नव्हे हे मला हाताला लागताच कळलं. मऊ प्लास्टिक आहे, जांभळं, शेपटी वळवळणारी, आणि वास बडीशेपेचा. गळाचं टोक त्याच्याच पोटात दडवायचं, म्हणजे जलपर्णीत अडकत नाही. पानांच्या पलीकडं टाकायचं आणि थांबत थांबत, हलक्या झटक्यांनी ओढत आणायचं. तुम्ही पोट धरून हसला असतात. पण ते चालतं, आबा. दुसऱ्याच सकाळी पानांखालून पाणी उसळलं आणि दोरी चालायला लागली.

आणि मी थांबले. कारण दोरी चालली की तुम्ही माझ्याशेजारी येऊन बसता. खिशातून बिडी काढता, वाऱ्याला पाठ करून पेटवता. मी काठीला हात घालते तर हातावर चापट मारता. "घाई करू नगंस. गिळू दे त्याला. त्येचं जेवान हाय त्ये." अर्धी बिडी होईपर्यंत आपण दोघं श्वास धरून बसतो, मग तुम्ही उठून हिसका देता आणि मरळ काठावर आपटते. तुमचं कधी चुकलं नाही. माझी दोरी मात्र सैल पडली. ओढून बघितलं तर गांडुळाची शेपटी तुटलेली आणि उरलेल्यावर बारीक दातांचे ठसे.

कारखान्यात तो मशीनवाला चिडलाच. "आवं ताई, खोटं हाय त्ये. तोंडात धरलं की माशाला कळतंय, लगीच थुकतोय. लागला की हाणायचा हिसका. गिळंल म्हणून कशाला वाट बघताय?" मी मान हलवली. पण घरी येताना गाडीवर मला रडू आलं, आणि ते माशासाठी नव्हतं. तुमच्या छातीत कळ आली होती त्या संध्याकाळीही तुम्ही हेच म्हणाला होतात, घाई करू नगा, सकाळी बघू. तुमचं थांबणं मला कधी कधी सहन होत नाही, आबा. मेल्यावरही तुम्ही माझा हात धरून ठेवता.

आज आई डोळे उघडत नव्हती. ओठ तेवढे हलत होते. मी शेजारणीला बसवून खाणीवर गेले, गांडूळ टाकलं, आणि त्याच पानांखालून ते ओढलं गेलं. मरळ मोठी होती, काठी वाकली. नंतर दोरी सैल झाली.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहून टाकते. उद्या कारखान्यात मी सांगेन की जुनी सवय, हात उचललाच नाही. ते खोटं आहे. हिसका कधी द्यायचा ते मला आज नीट आठवत होतं. पण मरळ घरी आली असती, मी कालवण केलं असतं, आणि आईनं तीही वाटी सारली असती, तर तिच्यासाठी आणायचं काही उरलं नसतं.

म्हणून मी सोडली. आत्ताच तिनं पुन्हा विचारलं, आणि मी म्हटलं, "येतील."