जहाजावरचा बुढा

बाबा, इथे अमरावतीत काल दुपारी ती कादंबरी वाचून संपवली. तीच, जिचा हिंदीत बोलणारा सिनेमा तुम्ही मला अकोल्यात दाखवला होता आणि मग जुन्या पुस्तकांच्या दुकानातून इंग्रजी प्रत शोधून आणली होती. आई जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. पडद्यावर तो खादाड, भांडखोर म्हातारा खलाशी आला की तुम्ही हसत होता. मी पडद्यापेक्षा तुमच्याकडेच जास्त पाहत होते.

मी बारा वर्षांची होते. माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीचं तुम्हाला कोण कौतुक. कापसाच्या जिनिंगमधून कामावरून आल्यावर तुम्ही भाकरी थापायचात, पहिलीचा हमखास नकाशा व्हायचा, आणि मी पाटावर बसून त्या दिवशी वाचलेलं मराठीत सांगायची. "आज काय केलं वं बुढ्यानं?" एवढंच तुम्हाला हवं असायचं. एका दुपारी, पाव पुस्तकही झालं नव्हतं, तोच पहिल्या वादळात म्हातारा बुडाला. दीड पानात. सिनेमात तर तो शेवटी घरी परततो. मी पुढची प्रकरणं चाळली, त्याचं नाव कुठेच दिसलं नाही. संध्याकाळी तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं, बुढ्यानं कप्तानाची कोंबडी चोरून खाल्ली. तुम्ही इतके हसलात की तव्यावरची भाकरी करपली.

महिनाभर मी त्याला जगवलं. तुम्ही जिनिंगभर सांगत होतात, "पोरगी आख्खं इंग्रजी पुस्तक वाचून राहिली." एकदा शेजारचे वकीलसाहेब दारात येऊन म्हणतात, "अहो, तो म्हातारा पहिल्याच वादळात मरतो. मी वाचलंय." तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "तुमच्या पुस्तकात मेला असंन, वकीलसाहेब. आमच्या पुस्तकात जित्ता हाये." मग आत येऊन पीठ मळायला घेता. "हं, सांग पुढं."

आता खात्रीनं सांगते, सिनेमापेक्षा पुस्तकच सरस आहे. समुद्राची भीती वाटायची तर सगळ्यांचा लाडका माणूसच जायला हवा. आणि तो गेल्यावरही खलाशी कितीतरी दिवस जेवताना त्याची थाळी मांडतात, कुणी त्याचं नाव घेत नाही. हे मला काल कळलं. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दीड पानाच्या पुढे मी तेव्हा एक ओळही वाचली नव्हती.