शांतिविहार ले-आऊटचे दोन नळ

४ जानेवारी १९८१, रविवार
आज सकाळी साडेनऊला आमच्या अंगणात शांतिविहार ले-आऊट नागरिक मंडळाची स्थापना झाली. सेक्रेटरी म्हणून माझी एकमताने निवड. नाव मीच सुचवलं, कारण बाकीचे संकोची आहेत. शेजारचे चंपतराव उपाध्यक्ष. ते जवळच वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घेतात. शिक्षण बेताचं, पण माणूस निष्ठावान. अध्यक्षपद तूर्त रिकामं ठेवलं. घाई नको.

संकल्प: मे महिन्याच्या आत अडतीसही घरांत नळ. एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीत. सध्या बायका अमरावती रोड ओलांडून पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणतात. हे चित्र मी बदलणार.

११ जानेवारी
लेटरहेड छापून आले. रबरी शिक्काही आला. घरात पाच-सहा कागदांवर मारून पाहिला. सत्यवतीला दाखवला. ती नुकतीच चौथी खेप टाकून आली होती. म्हणाली, "झाला शिक्का. आता पाणी कवा येते?"
बायकांना प्रोसिजर कळत नाही.

२ फेब्रुवारी
पाणीपुरवठा ऑफिसात नळांचा अर्ज स्वतः नेऊन दिला. चार पानं. प्रस्तावनेत मानवी जीवनात पाण्याचं स्थान. मुद्द्यावर तिसऱ्या पानात आलो. एकदम येऊ नये, वजन राहत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
पाणीपुरवठा ऑफिसचं उत्तर आलं. सतराच दिवसांत! ड्राफ्टिंगचा विजय.

पण मजकूर अपमानकारक. घरोघरी नळ इतक्यात शक्य नाही, मात्र रोडच्या अलीकडे, गोदामाच्या वळणावर दोन सार्वजनिक नळ लगेच देता येतील, तरी मंडळाने होकार कळवावा.

सार्वजनिक नळ! म्हणजे बादल्यांची रांग अन् रोजची भांडणं. आम्ही प्लॉटची रजिस्ट्री केलेली माणसं. मी स्वतः हेडक्लार्क.

दुपारीच उत्तर टाकलं. "मंडळ सदर प्रस्ताव एकमताने नाकारीत आहे." खाली सही, शिक्का. छान ठळक उठला.

सभा बोलावली नाही. लोक भोळे आहेत, लगेच हो म्हणतील. घरीही काही बोललो नाही. वाटाघाटीत गुप्तता लागते.

८ मार्च, रविवार
मासिक सभा. उपस्थिती: मी, चंपतराव, आणि चहा देण्यापुरती सत्यवती. समोरच्या जिजाबाई कुंपणावरूनच ओरडल्या की विहीर खाली चालली, दोर दोन हात वाढवावा लागला. नोंद घेतली. जिजाबाईंकडे दोन म्हशी आहेत आणि बोलणं तिसरीसारखं.

चंपतरावांनी विचारलं, ऑफिसचं काही कळलं का. विषय विचाराधीन आहे, असं सांगितलं. कोणाच्या विचाराधीन, ते त्यांनी विचारलं नाही.

२८ मार्च, शनिवार
वाईट झालं.

चंपतरावांची सून शामला सकाळी घागरी घेऊन रोड ओलांडत होती. गोदामाकडचा ट्रक रिव्हर्स घेत मागे येत होता. ती दचकून बाजूला झाली आणि गिट्टीवर पडली. मांडीचं हाड मोडलं. तीन महिने प्लास्टर. सत्यवती तिच्या मागेच होती.

मी ताबडतोब सहानुभूतीचा ठराव केला, लेटरहेडवर लिहून काढला आणि चंपतरावांना हातोहात नेऊन दिला. त्यांनी वाचला, घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मधुकरराव, त्या ऑफिसाचं काही आलंच नाही का गा?"
मी म्हणालो, "नाही."

तसं बरोबरच आहे. माझ्या पत्राला उत्तर अजून आलेलं नाही.

संध्याकाळपासून डोकं दुखतं आहे. ऊन वाढलं.

९ एप्रिल, गुरुवार
हाफ डे घेऊन घरी आलो, तर दाराला कुलूप. जिजाबाईंकडेही कुलूप. सबंध ले-आऊटमध्ये अंथरुणावरची शामला सोडली तर एक बाई नाही. सत्यवती चार वाजता आली. पाय धुळीने भरलेले. कुठे गेली होतीस, विचारलं. म्हणाली, "कामाले." जेवायला वाढलं, पण जवळ बसली नाही.
अंदाज: कुठेतरी चैत्राचं हळदीकुंकू असावं.

१२ एप्रिल, रविवार
विश्वासघात.

मी न बोलावलेली सभा. जिजाबाईंच्या गोठ्यापुढे. कळल्याबरोबर शिक्का घेऊन गेलो. म्हटलं, माझ्या उपस्थितीने तिला कायदेशीर रूप तरी येईल. बसा असं कोणी म्हटलं नाही.

गुरुवारी या सगळ्या बायका पायी पाणीपुरवठा ऑफिसात गेल्या होत्या. साहेबांनी फाईल उघडून माझंच पत्र त्यांना वाचून दाखवलं.

जिजाबाई म्हणाल्या, "काहून गा मधुकर? ते लोक दोन नळ देऊन राह्यले होते. अन् तू कोनाले इचारून नाही म्हटलं?"
मला सर्वांसमक्ष एकेरीत पुकारलं, याची नोंद असावी.

मी तत्त्व समजावून सांगितलं. स्वाभिमान, रजिस्ट्री, दूरदृष्टी. गोठ्यातली म्हैस तेवढी माझ्याकडे बघत होती.

मग चंपतराव उठले. यांच्यावर माझा भरवसा होता. हे माझी बाजू मांडतील म्हणून मी बाजूला सरकलोसुद्धा. ते हळूच म्हणाले, "मी तुमाले इचारलं होतं. माह्या सुनेचं हाड मोडलं, त्याच दिवशी इचारलं होतं. तुम्ही नाही म्हटलं."
मी म्हणालो, "तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर..."
ते निघून गेले. उपाध्यक्षाने सभा अर्धवट सोडून जाणं नियमात बसत नाही.

मंडळ मोडायचं असेल त्यांनी हात वर करा, असं जिजाबाई म्हणाल्या. मी हात मोजले नाहीत. डावीकडून तिसऱ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्या मीच सीताबर्डीवरून आणलेल्या आहेत.

१३ एप्रिल
राजीनामा लिहिला. मोजक्या, जळजळीत शब्दांत. मग लक्षात आलं की तो द्यायचा कोणाला? मंडळच नाही.

सत्यवतीला म्हटलं, सारा गाव उलटला तरी चाललं असतं, पण तू? तिने स्टोव्हला पंप मारायचं थांबवलं. म्हणाली, "शामला माह्या एक पाऊल पुढं होती. मी पुढं असती त?"
मी म्हणालो, "पण तू नव्हतीस ना."
तिने कांदा चिरायला घेतला.
ते वाक्य इथे लिहून दोनदा वाचलं. चूक सापडत नाही. तरी पुसावंसं वाटतं.

२२ एप्रिल, बुधवार
गैरसमज दूर करायला स्वतः ऑफिसात गेलो. बरोबर सहा पानी खुलासा. साहेब सभ्य निघाले. बसायला सांगितलं, खुलासा बाजूला ठेवला आणि बायकांनी दिलेला अर्ज माझ्यापुढे केला. वहीतून फाडलेलं रेघांचं एक पान. ना लेटरहेड, ना शिक्का.

"आम्हाला पाण्यासाठी मोठा रस्ता ओलांडावा लागतो. एका सुनेचा पाय मोडला. आधीचे पत्र आम्हाला विचारून लिहिलेले नव्हते. दोन नळ द्यावेत."

चार वाक्यं. प्रस्तावना नाही. खाली सह्या आणि अंगठे, घरटी एक. मी मोजले. अडतीस. म्हणजे आमचं घर धरून.

हा मसुदा कोणाचा, विचारलं. साहेबांनी पहिल्या सहीवर बोट ठेवलं. सौ. सत्यवती मधुकर लांजेवार. अर्जाचं अक्षरही तेच.

लग्नाला अठरा वर्षं झाली. तिचं अक्षर मी पाहिलेलं नव्हतं. गोल आहे, सरळ रेघेत. माझ्याहून बरं.

अर्ज मंजूर झालेला होता. खुलासा परत घेऊन आलो.

१७ मे, रविवार
नळांना आज पाणी आलं.

दोन शब्द बोलायला बोलावतील असं वाटलं, म्हणून सकाळी सातलाच कोट घालून तयार होतो. मेच्या उन्हात कोट. वळणाकडून बायकांचा गलका ऐकू येत होता, कोणीतरी नारळ फोडला. नऊ वाजेपर्यंत वाट पाहिली. कोणी आलं नाही. सदरा घामाने भिजला.

अंघोळीला पाणी मागितलं. सत्यवतीने रिकामी बादली पुढे ठेवली. म्हणाली, "नळ वळणावर हाये."

गेलो. वाटेत चंपतरावांच्या ओसरीत शामला प्लास्टरचा पाय लांब करून बसली होती. मला पाहून पदर सावरला आणि म्हणाली, "या काकाजी." तिला कोणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असावं.

नळावर माझ्यापुढे नेमके चंपतराव. त्यांनी मागे पाहिलं, आपली बादली बाजूला सरकवली आणि म्हणाले, "या, भरून घ्या." तेवढंच. कोणी हसलं नाही. हसले असते तर काहीतरी बोलता आलं असतं.

मी मान हलवून नको म्हटलं. माझा नंबर आला तेव्हा भरली.

भरलेली बादली फार जड असते. वळणापासून घरापर्यंत तीनदा खाली ठेवावी लागली. कडीने बोटं लाल झाली. दारात सत्यवती उभी होती. वाटलं, पुढे होऊन हातातून घेईल.

तिने दुसरी रिकामी बादली पुढे केली.