मनगटाचे तीन व्यायाम

३ फेब्रुवारी, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. नियमित आणि प्रामाणिक. (१ तारखेलाच सुरू करणार होतो, पण पेन सापडलं नाही.)
मॅडमनी वर्गात सर्व्हे भरून घेतला. विद्यापीठातल्या मुलांना इंटरनेटवर आरोग्याची माहिती शोधता येते का, वापरता येते का. आठ प्रश्न, प्रत्येकी पाच मार्क, आणि मार्क आपले आपणच द्यायचे. मी चाळीसपैकी एकोणचाळीस दिले. एक विनयाखातर कापला. माझा रूममेट शंकासुर, ज्याला प्रत्येक गोष्टीत 'कशावरून?' लागतं, त्याने स्वतःला बावीस दिले. कीव आली.

४ फेब्रुवारी, दुपारी १
ताईचा घरून फोन. कापड बेतताना बाबांच्या हातातून कात्री पडली. हात दहा मिनिटं बधिर, मग ठीक. तेवढ्यात चहा प्यायला गेले तर ओठाच्या कडेने गळला, असंही म्हणाली. डॉक्टरकडे नेऊ का म्हणाली. बाबा म्हणे, आधी त्याला विचार, तो विद्यापीठात आहे.
चाळीस वर्षं शिंपीकाम करणाऱ्या माणसाने आपल्यावर एवढा भरवसा टाकला की बरं वाटतंच.
शोधलं : 'शिवणकामामुळे हात बधिर होणे'. क्षणात उत्तर. मनगटातली नस दबते. चहाचं टाकलं नाही, त्याने शोध भरकटतो. मनगटाच्या तीन व्यायामांचं पान पाठवलं. रोज दहा-दहा वेळा.
शंकासुर म्हणाला, उत्तर प्रश्नातच घालून शोधलंस तर दुसरं काय हाती लागणार? जळतो माझ्यावर.

९ फेब्रुवारी, दुपारी ३
प्रॅक्टिकल. मॅडमनी चिठ्ठ्या वाटल्या. माझी : 'वय साठ. हातातली वस्तू पडली. तोंडाची एक बाजू सैल. दहा मिनिटांत पूर्ववत. काय कराल?'
सगळं एकत्र टाकून शोधलं. तीन भरवशाच्या ठिकाणी एकच मजकूर. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडलेला असू शकतो. बरं वाटलं तरी ताबडतोब दवाखाना. मोठा झटका मागोमाग येऊ शकतो.
दहापैकी दहा. मॅडमनी माझं उत्तर वाचून दाखवलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला घाम फुटला. पंखा बंद असावा.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
बाबांची केस वेगळी. बाबा शिंपी आहेत. चिठ्ठीतला माणूस काय काम करतो ते लिहिलंच नव्हतं.

१० फेब्रुवारी, सकाळी ११
फोनवर मनगटाला बांधायच्या पट्ट्यांच्या जाहिराती. 'हार्ड डिस्क' शोधायला 'हा' लिहिलं, तर खाली फोनने स्वतःच वाक्य पुरं केलं : 'हातातून वस्तू पडणे'. फोन पालथा ठेवला.
मेसमध्ये कुणाचा तरी चमचा पडला. मी ताटावरून उठून उभा राहिलो. सगळे बघायला लागले. पाणी आणायला उठलो, म्हटलं.

११ फेब्रुवारी
आज ताईला फोन करायचाच. चुकलो वगैरे म्हणायची गरज नाही. 'नवीन संशोधन आलंय' एवढंच म्हणायचं.
दुपारी १ : ती जेवत असेल.
दुपारी ४ : ती दमली असेल.
उद्या नक्की.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
शंकासुराने विचारलं, बाबा कसे आहेत? ठणठणीत, म्हटलं. एरवी 'कशावरून?' म्हणतो, आज नुसतंच बघितलं. तेच अंगावर आलं.
चौकातल्या शिंप्याच्या दुकानाबाहेर थांबलो. काम काही नव्हतं. आत कात्री चालू होती. मध्येच आवाज बंद. मी दाराशी धावलो. मग पुन्हा सुरू झाला. खोलीवर आलो. फोन राहिलाच.

१३ फेब्रुवारी, सकाळी १०
केला! बाबांनीच उचलला. आवाज खणखणीत. दहा सांगितलेस, मी वीस वेळा करतो म्हणाले. दुकानात येईल त्याला सांगतात म्हणे, मुलाने तिकडे बसून माझा हात बरा केला.
जीव भांड्यात पडला. नवीन संशोधनाचं बोलायचं राहून गेलं. आता त्यांच्या आनंदावर विरजण कशाला?

१५ फेब्रुवारी, सकाळी ११.२०
ताईचा फोन. फक्त 'निघ' म्हणाली.

१७ फेब्रुवारी, दवाखाना
उजवी बाजू गेली. वाचा गेली, थोडी परत येईल म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, आधी असं काही झालं होतं का? ताई म्हणाली, अकरा दिवस आधी. तेव्हा कुणाला दाखवलं? ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरीच बघितलं, म्हणाली. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.
बाहेर येऊन फोनमधले जुने शोध पुसले. फोनने विचारलं, नक्की पुसायचे? होय. 'हा' लिहून पाहिलं. काहीच आलं नाही. तरी पुढचे शब्द मला दिसलेच.

२ मार्च, सकाळी १०, घरी
बाबा घरी आलेत. मशीनवर चादर टाकलीय. मशीनसमोरच्या भिंतीवर माझं पान. ताईने छापून आणलं होतं, बाबांनी स्वतः चिकटवलं. वर त्यांच्या शिवणासारख्या सरळ अक्षरात माझं नाव.
मॅडमच्या सर्व्हेची दुसरी फेरी आलीय. तेच आठ प्रश्न. 'मिळालेली माहिती माझ्या माणसांसाठी कशी वापरायची, हे मला कळतं.' एक ते पाच. शून्याची सोय नाही. बंद केलं.
आज बाबांना सगळं सांगितलं. चहाचं, चिठ्ठीचं, टाळ्यांचं. अकरापैकी सहा दिवस मला माहीत होतं, हेही. रडलो. त्यांनी सगळं ऐकलं. मग नकारार्थी मान हलवली आणि डाव्या हाताने भिंतीवरचं पान दाखवलं.
ती त्यांची व्यायामाची वेळ. डाव्या हाताने उजवं मनगट उचलतात, वाकवतात, सोडतात. मोजायला मला बसवतात. त्यांना वीस वेळा करायचं असतं. सातच्या पुढे तो हात सुटतो, मग माझ्याकडे बघतात, आणि मी पुन्हा एकपासून मोजतो.