दवाखान्यातला हसरा गृहस्थ

ती. मेहुणेबुवांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार (डावा खांदा आखडलाय, तरी दोन्ही जोडले आहेत). तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि तुमच्या मोरीतला गळका नळ, तिघांचीही काळजी लागून राहिली आहे. माझं म्हणाल तर उजवीकडची एक दाढ गेली. तीही किडून नाही, कलेपायी गेली. नीट बसून वाचा.

जन्मभर मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. 'येथे छत्र्या दुरुस्त होतील' यावर कधी कुणी मत दिलं नाही. लोक वाचायचे आणि छत्री द्यायचे. आता म्हातारपणी, हात थरथरत असताना, मनासारखं एकच चित्र काढलं. एक गृहस्थ पोट धरून हसतोय, तोंड उघडं, सगळे दात बाहेर. सूनबाई म्हणाली, "बाबा, छान आहे, पण आपल्या पडद्यांशी जुळत नाही." (म्हणजे माणसानं हसण्याआधी पडद्यांना विचारायचं.) शेवटी ज्या दातांच्या डॉक्टरची पाटी मी रंगवली होती, त्यानं ते बाहेरच्या खोलीत टांगलं. "काका, महिनाभर ठेवू. पेशंट कुरकुरले तर काढून धबधब्याचं कॅलेंडर लावीन," म्हणाला.

झालं, माझी झोप पळाली. लोक काय म्हणतात ते ऐकायला रोज तिथं जाऊन बसू लागलो, कुणाला संशय नको म्हणून गाल धरून. मेहुणेबुवा, रसिक म्हणतात तो प्राणी मी अगदी मांडीला मांडी लावून पाहिला. बँकेतल्या एका साहेबानं चष्मा पुसून पुसून बघितलं आणि फ्रेम मजबूत आहे म्हणाला. एका मास्तरीणबाईंना त्यात माणसाचं एकटेपण दिसलं. (पोट धरून हसतोय बाई तो.) शेजारच्या शिंप्याला तो रडताना दिसला, आणि दोघांची अशी जुंपली की शिंपी आपला दात दुखतोय हेच विसरला. एकीनं तर खुर्चीच भिंतीकडे फिरवली. ज्यांना धड तोंड उघडता येत नाही, त्यांची मतं मात्र तोंडभर. गाढवाला गुळाची चव काय, असंही म्हणवत नाही, कारण गाढव निदान चाटून तरी बघतं.

एक पोस्टमन तेवढा चित्रासमोर टक लावून बसायचा. वाटलं, भेटला एकदाचा जाणकार. न राहवून विचारलं. तर म्हणतो, "आजोबा, याच्याकडे बघितलं की माझी दाढ बरी वाटते हो."

त्याच दिवशी नर्सबाईंनी घात केला. "आजोबा, रोज येता आणि रोज घाबरून पळता, चला बघू," म्हणत दंडाला धरून आत नेलं. स्वतःच्या चित्रावरची मतं चोरून ऐकायला बसतो, हे सांगायची लाज वाटली. डॉक्टरनं कुठली दुखते विचारलं, मी अंदाजानं बोट दाखवलं, ती हलतच होती म्हणे. गेली.

महिना भरला तेव्हा डॉक्टर म्हणाला, चित्र राहील. माझी छाती फुगली. पुढं म्हणाला, "पूर्वी पेशंट नंतर बघू म्हणून सटकायचे. हल्ली ते दात बघितले की मुकाट्यानं आत येतात. पण काका, इतके वेडेवाकडे दात माणसाला असूच शकत नाहीत. तुमची कल्पनाशक्ती दांडगी." जन्मात मी नसलेलं काही रंगवलं नाही, आणि हा मला थापाड्या ठरवतो. कौतुक करायचं आणि तेही वहाणेनं.

असो. थोरांना नमस्कार, लहानांना चित्रकलेपासून लांब ठेवावं.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. चित्रातले गृहस्थ तुम्ही आहात. आमच्या धाकटीच्या लग्नात पंगत उठल्यावर हसत होतात तसे. तेव्हा एकदा येऊन त्या चित्राखाली बसा आणि डॉक्टरसमोर तोंड भरून हसा. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे.

आणखी एक. तुमच्या बहिणीला घेऊन गेलो होतो. तिला आता जवळचंही नीट दिसत नाही. पण दारातूनच "अगं बाई, दादा" म्हणाली आणि समोर बसून राहिली; नर्सनं दोनदा हाक मारली तरी उठेना. घरच्या माणसाचं मत मी धरत नाही. पण दोन वर्षं झाली, तुम्ही फिरकला नाहीत. लवकर या. आणि वहिनी कवळीचं म्हणत होत्या, ती आत्ताच बसवू नका. दात आहेत तसेच घेऊन या.