चार ओळींचं पत्र

२ मे
डीननी बोलावून नवी जबाबदारी दिली. पीएचडी करणाऱ्या मुलांना विद्यापीठाबाहेरच्या नोकऱ्यांसाठी तयार करायचं. आमच्या इतिहास विभागात अशी मुलं तीन. मला ती नावांपेक्षा वर्षांनी लक्षात राहतात: तिसरं वर्ष, पाचवं वर्ष, सातवं वर्ष. महिनाअखेरीस तिघांनाही मार्गी लावणार. विभागप्रमुख म्हणून पाट्या टाकणाऱ्यांतला मी नाही.
हिला सांगितलं. हिनं विचारलं, तुम्ही स्वतः कधी बाहेर नोकरी केलीय का? मी पेपर वाचत होतो.

५ मे
पहिलं वर्कशॉप. विषय, ‘बाहेरचं जग: एक प्रस्तावना’. दोन तास प्रस्तावनेतच गेले, जग पुढच्या वेळी घेऊ. एका पानात सीव्ही कसा बसवायचा ते माझाच सीव्ही घेऊन दाखवलं. अकरा पानं झाली. तळटीपा वेगळ्या. पाचवं वर्ष सारखं खिडकीबाहेर बघत होतं. सुरुवात चांगली झाली.

९ मे
मुख्य कार्यालयाकडून मसुदा आला. ‘विभागांची पुनर्रचना’. पंधरा दिवसांत अभिप्राय कळवा. लाल पेन घेऊन बसलो. चौदा दुरुस्त्या. शेवटी शेरा दिला: ‘मांडणी स्वच्छ. पुरावे तोकडे. निष्कर्ष घाईचा. तरी एकंदर प्रयत्न चांगला.’ सही करून लगेच परत पाठवला.
हिनं विचारलं, आत होतं काय? म्हटलं, दुबळ्या विभागांबद्दल काहीतरी होतं. कुठल्या, म्हणाली. एवढ्या बारकाईनं कोण वाचतं?

१२ मे, सकाळी
एक माणूस टेप घेऊन आला आणि माझ्या खोलीची मापं घेतली. कपाट दोनदा मोजलं, मग दार मोजलं. विचारलं तर म्हणाला, मला फक्त मोजायला सांगितलंय. उघड आहे, करिअर सेंटर इथेच होणार.
दुपारी
पाचवं वर्ष न सांगताच गेलं. एका विमा कंपनीत लागलंय म्हणे. अहवालात लिहिलं: यश, एक.

१५ मे
सातव्या वर्षाला हॉस्पिटलात नोकरी मिळतेय. रुग्णांचे साठ वर्षांचे जुने कागद लावायचे, वाचायचे, जपायचे. काम तिच्याच हाताचं आहे. विभागाचं ना-हरकत पत्र हवंय, ३१ तारखेपर्यंत. ते तिनं स्वतःच टाईप करून आणलं होतं. चार ओळी. सात वर्षांचं काम चार ओळींत! सर, फक्त सही हवीय, म्हणाली. ठेवून जा, म्हटलं. बघतो.

१८ मे
शिपायानं सामानाला नंबरांचे स्टिकर लावले. कपाट ११२, टेबल ११३, माझी खुर्ची ११४. मी बसलेलो असतानाच लावला. कसले नंबर, विचारलं तर माझ्याकडे न बघता बाहेर गेला. तिसरं वर्ष आठवडाभर फिरकलेलं नाही. ट्यूबलाईट गेलीय, बदलायला कुणी येत नाही. खिडकीपाशी बसतो. उजेड डोळ्यांना चांगला.

२२ मे
पत्र तीन पानांचं झालं. कागद जपण्याच्या परंपरेवर एक परिच्छेद घातला, आता वजन आलं. सातवं वर्ष समोर बसून सांगत होतं. हॉस्पिटलनं पुन्हा फोन केला होता. वडिलांचं काम सुटलंय, घरात आता तिच्याकडेच डोळे लागलेत. ऐकून वाईट वाटलं. गुरुवारी नक्की.

२६ मे
गुरुवारी झालं नाही. संदर्भसूची राहिली होती.
विभागाचा फोन बंद आहे. लागेना म्हणून ही डबा घेऊन स्वतःच आली. दारावरची पाटी कुठे गेली, विचारलं. पॉलिशला, म्हटलं. ही ११४ वर बसली, रिकाम्या कपाटाकडे बघत राहिली. माझ्या कामात ही कधी बोलत नाही. आज जाताना म्हणाली, “अहो, त्या मुलीची सही तेवढी करून टाका.”
दिवसभर तेच डोक्यात होतं. सही केली की ती जाणार. मग या खोलीत मी एकटाच. पण ते कारण नाही. पत्र अजून कच्चं आहे.

३१ मे
एक वाक्य अडलंय. सातवं वर्ष दहापासून दाराशी बसून होतं. आत खुर्चीच उरलेली नाही. पाचला म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम तुझं. ती उठली, बॅग घेतली आणि गेली. मला उगाचच भीती वाटली.

१ जून
ते वाक्य गाळलं. सव्वानऊला सही केली आणि शिक्का मारायला तिला घेऊन स्वतः मुख्य कार्यालयात गेलो. क्लार्कनं तारीख बघितली आणि पत्र परत सरकवलं. म्हणाला, तुमचा विभाग काल संध्याकाळी बंद झाला. आज तुमची सही चालत नाही.
मला कुणी कळवलंच नाही, म्हटलं. त्यानं फाईल काढली. वर माझा लाल पेनातला मसुदा. खाली कुणीतरी लिहिलं होतं: ‘विभागाचा अभिप्राय आला. प्रयत्न चांगला. हरकत नाही.’ ते त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. कालची तारीख घालता येईल का, विचारलं. त्यानं फाईल मिटली. मग मला एक फॉर्म दिला. बाहेरच्या नोकरीसाठी, माहिती एका पानात.
सातव्या वर्षानं पत्राची तिन्ही पानं सरळ केली आणि माझ्या हातात ठेवली.
“सर, चारच ओळी होत्या,” ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.
घरी आलो. हिनं विचारलं, केली का सही? केली, म्हटलं.