बाबांच्या अर्जाचा दंड

हिंजवडी, मंगळवार संध्याकाळ

पण बाबांना अर्ज भरायला सांगितलं होतं कोणी? गावानं सरपंचपद देवळात बोली लावून विकलं, तरी यांचं आपलं, निवडणूक झालीच पाहिजे. आता गावानं आम्हाला वाळीत टाकलंय, गिरणीवाला आमचे गहू दळत नाही.

आज कंपनीच्या बसमध्ये साहेबलोकांचं भांडण. एकानं विचारलं, "ड्रायव्हरदादा, तुम्हीच सांगा, हुकूमशाही बरी की लोकशाही?"

"साहेब, तुमचा स्टॉप आला."

मग धाकट्याचा फोन. "दादा, बाबानं अर्ज मागं घेतला. पन गिरणीवाला पाच हजार दंड भरल्याबिगर दळून देत नाही म्हनते."

दंड ठरवला कोणी? बोली जिंकली त्यानंच. बाबा रडले म्हणे. रडू देत. मी तिथे असतो तर त्यांच्या बाजूनं उभा राहिलो असतो? कोण जाणे. मत पाच वर्षांनी एकदा, पीठ रोज लागतं.

उद्या पाच हजार पाठवतोय.